एका रात्रीचा प्रश्न

सोसायटीच्या कर्जानं मला एक सवय लावली आहे. छापील कागद हातात आला की तो दोन्ही बाजूंनी वाचायचा. मिरजेच्या एका लॉजची पावती मी अशीच उलटी करून वाचली. पुढच्या बाजूला तारीख, खोली नंबर २०७, रक्कम रुपये १२००. मागं बारीक अक्षरात अकरा नियम. मौल्यवान वस्तूंची जबाबदारी आमची नाही. खोलीत स्वयंपाक करू नये. कपडे धुऊ नयेत. बाहेरच्या माणसाला रात्री थांबवू नये. एकदा भरलेलं भाडं कोणत्याही कारणानं परत मिळणार नाही. अकराच्या अकरा नियम उतरणाऱ्यासाठी होते. लॉजवाला काय देणं लागतो, याची त्यात एकही ओळ नव्हती.

पावती म्हणजे काही कायद्याचं पुस्तक नव्हे, हे मलाही कळतं. पण त्या कागदानं एक प्रश्न डोक्यात घातला, तो अजून उठत नाही. रात्रीपुरतं छप्पर द्यायचे पैसे घेतले, की घेणाऱ्याचं कर्तव्य कुठपर्यंत जातं? चावी हातात ठेवली की संपलं, का सकाळपर्यंत चालू राहतं?

मिरज हे दवाखान्यांचं गाव. वानलेस साहेबांनी १८९४ साली तिथं मिशनचा दवाखाना काढला, तेव्हापासून आमच्या भागातली आणि पार कर्नाटकातली माणसं दुखणं घेऊन मिरजेलाच जातात. आमच्या कारभारणीचा डावा डोळा मोतीबिंदूनं गेला होता. दिवाळी झाल्यावर ऑपरेशन केलं. आता डोळ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात ठेवून घेत नाहीत. दुपारी टेबलावर घेतात, संध्याकाळी पट्टी लावून सोडतात आणि सकाळी पट्टी काढायला या म्हणतात. आमचं गाव कडेगावच्या बाजूला, तिथनं साठ-पासष्ट किलोमीटर. रात्री एस.टी.चे धक्के खात जायचं आणि पहाटे परत यायचं, यापेक्षा रात्र मिरजेतच काढावी असं ठरलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, धूळ-धूर टाळायचा, जोरात खोकायचं नाही.

लॉज स्टँडपासून जवळ होता. काउंटरवर विशी-बाविशीचा पोरगा. त्यानं आधार कार्ड घेतलं, झेरॉक्स काढली, पैसे आगाऊ घेतले. पावती नको असेल तर शंभर कमी करतो म्हणाला. मी पावतीच मागितली. एवढ्या सगळ्यात त्यानं मान काही वर केली नाही. हिच्या डोळ्यावर तळहाताएवढी पांढरी पट्टी होती, ती त्याला दिसलीच नसावी असं मला तेव्हा वाटलं.

“खालची खोली दे बाबा, पेशंट आहे.”

“खाली नाही काका. दुसरा मजला.”

“लिफ्ट?”

“बंद आहे.”

एकेक पायरी धरून वर गेलो. खोलीचं वर्णन फार करत नाही, असल्या खोल्या सगळ्यांनी बघितल्या आहेत. चादरीला दुसऱ्याच्या डोक्याच्या तेलाचा वास. पंख्याचा रेग्युलेटर मोडलेला, त्यामुळं पंखा एक तर वादळासारखा नाहीतर बंद. लावला तर वारा थेट पट्टीवर, बंद केला तर डास. संडासातल्या नळाला पाणी नाही, फ्लशची टाकी कोरडी. हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण खिडकीला कडी नव्हती. कडीची दोन भोकं होती, कडी नव्हती. खिडकीच्या बरोबर खाली एका खानावळीचा धुराडा. फोडणी पडली की मिरचीचा ठसका सरळ आत. तिसऱ्या फोडणीला हिला खोकला लागला. पट्टीवर हात दाबून धरून ती खोकत होती. दाबायचं का सोडायचं, तेही कळेना.

मी खाली आलो.

“पाण्याचं सकाळी बघतो काका, प्लंबर येतो सकाळी.”

“मग खोली बदलून दे.”

“फुल आहे.”

त्याच्या मागच्या फळीवर चाव्या टांगलेल्या. मी मोजल्या, नऊ होत्या. “या कशाच्या?”

“त्या ऑनलाइनच्या.”

“मालकाला फोन लाव.”

“मालक रात्री फोन घेत नाहीत.”

“मॅनेजर कोण आहे?”

“मीच. रात्रीचा.”

तळमजल्यावरच्या मोरीत नळ होता. तिथनं दोन बादल्या भरून दोन जिने चढवल्या. खिडकीची फळी औषधाच्या पिशवीच्या दोरीनं बांधली आणि फटीत वर्तमानपत्र कोंबलं. ही म्हणाली, “ऱ्हाऊ द्या आता. एका रातीचा तर प्रश्न हाय.”

तिच्या या वाक्यावर मी रात्रभर जागा होतो. झोप तशीही लागणार नव्हती.

एका रात्रीचा प्रश्न आहे, हे आमच्यापुरतं खरं होतं. पण त्या खोलीपुरतं ते खरं नव्हतं. २०७ नंबरच्या खोलीत काल कुणीतरी खोकलं असणार आणि उद्याही कुणीतरी खोकणार. रोज नवा माणूस येतो, रोज तो म्हणतो एका रात्रीचा प्रश्न आहे, आणि सकाळी निघून जातो. कडी न बसवता तो धंदा असाच वर्षानुवर्षं चालतो. गावात तसं होत नाही. मी कुणाला किडका शाळू विकला तर तो माणूस मला दुसऱ्या दिवशी पाराजवळ भेटतो, तिसऱ्या दिवशी बाजारात भेटतो, त्याच्या पोराच्या लग्नात मला जेवायला बसायचं असतं. तोंड पुन्हा दाखवायचं आहे ही भीती माणसाला बऱ्यापैकी सरळ ठेवते. लॉजवाल्याला ती भीती नाही. त्यातून दवाखान्याजवळचा लॉज म्हणजे तिथं उतरणारा माणूस आधीच अर्धा खचलेला. त्याच्या अंगात भांडायचं बळ नसतं. रात्री दहाला आजारी माणसाला घेऊन तो दुसरी खोली शोधायला जाणार नाही, हे काउंटरला पक्कं माहीत असतं.

इथपर्यंत आलं की आपल्याकडची माणसं लगेच म्हणतात, पूर्वी असं नव्हतं, पूर्वी दारात आलेला वाटसरू उपाशी जात नव्हता, आता पैसा आला आणि माणुसकी गेली. मला हे अर्धंच पटतं. आमच्या लहानपणी रात्री कुणी वाटसरू आला की पहिला प्रश्न, “कुठलं पावनं?” आणि दुसरा, “कोनापैकी?” त्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरायचं की माणूस सोप्यात निजणार, का अंगणात, का त्याला वेशीबाहेरचा रस्ता दाखवायचा. पंढरपूरला देवाच्या दारात गेलेल्या माणसांनासुद्धा उतरायला जागा मिळत नव्हती, म्हणून गाडगेबाबांना तिथं चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधावी लागली. पुढं ती त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. तेव्हा जुन्या पाहुणचाराचे पोवाडे गाताना जरा बेतानं गावेत. लॉजवाल्या पोरानं मला कोनापैकी म्हणून विचारलं नाही. १२०० रुपये कुणाचेही असोत, त्याला सारखेच. पैशानं ही एक गोष्ट चांगली केली आहे आणि ती लहान नाही.

म्हणजे पैसे घेतले हा दोष नव्हे. मग दोष कशात?

मला आमच्या रानात बसणाऱ्या मेंढरांची आठवण येते. टेंभूचं पाणी यायच्या आधी आमच्याकडं सगळी कोरडवाहू जमीन. सुगी झाली की माणदेशाकडचे धनगर कळप घेऊन यायचे आणि शेतकरी रात्रीची मेंढरं आपल्या रानात बसवून घ्यायचा. लेंडीखत आणि मूत दोन्ही रानाला मिळतं, त्याच्या बदल्यात धनगराला धान्य आणि पैसे. हा रोखठोक सौदा. किती मेंढरं, किती रात्री, किती पायल्या, सगळं आधी ठरायचं, आणि घासाघीस तर अशी की बघणाऱ्याला वाटावं आता मारामारी होते. पाहुणचाराचं नाव नाही. एके वर्षी असाच सौदा झाला आणि दुसऱ्या रात्री वळीव आला, गारांसकट. वडील कंदील घेऊन रानात गेले. धनगराची बायको आणि तिचं पाळण्यातलं पोर यांना गोठ्यात आणलं, बैल बाहेर छपराखाली बांधले, आणि आईला चूल पेटवायला लावली. चुलते कुरकुरले, सौद्यात हे कुठं होतं म्हणून. वडील म्हणाले, “सौदा मेंढराचा झालाय. पावसाचा झाला न्हाय.”

हिशेबाच्या दिवशी याच वडिलांनी अर्ध्या पायलीवरून त्याच धनगराशी तासभर हुज्जत घातली. मला हे फार मोलाचं वाटतं. ते काही दानशूर वगैरे नव्हते. सौद्याच्या आत ते पुरेपूर व्यवहारी होते. पण कुठलाही सौदा सगळ्या गोष्टींचा होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. गारा पडतील, पोर रडेल, डोळ्यावर पट्टी असलेली बाई खोकेल, हे आधी कोण लिहून ठेवणार? लॉजच्या पावतीमागं अकरा नियम होते, अकराशे असते तरी धुराड्याचा नियम त्यात नसता. सौद्यात न आलेलं असं काही पुढं आलं की समोरच्यानं वर बघायचं असतं. त्या रात्री नेमकं तेवढं झालं नाही.

पण ते का झालं नाही, याचं उत्तर मला सकाळी मिळालं, आणि माझं काम अवघड झालं.

सहाला आम्ही खाली आलो. चहा आणायला मी रस्त्यावर गेलो तोवर ही काउंटरसमोरच्या बाकावर बसली. परत आलो तर ती त्या पोराशी बोलत होती. बायकांना हे जमतं. मी रात्री त्याला चार प्रश्न विचारले, सगळे खोलीचे. तिनं एकच विचारला, “कुठला रं बाळ तू?” पोरगा जत तालुक्यातला निघाला. घरी कोरडवाहू दोन एकर, वडील द्राक्षबागेत मजुरीला. पगार नऊ हजार, दिवस-रात्र तिथंच, झोपायचं काउंटरच्या मागं बाकड्यावर. आधी एकदा त्यानं असंच केलं होतं. एका म्हाताऱ्याला धाप लागत होती म्हणून रात्री आपल्या अधिकारात खालची मोठी खोली उघडून दिली. सकाळी मालकानं दोन खोल्यांच्या भाड्यातला फरक त्याच्या पगारातनं कापला. वर सगळ्यांसमोर बोलला ते वेगळंच.

“तवापासनं म्या वर बघतच न्हाई मावशी,” तो म्हणाला. “बघितलं की वाईट वाटतं. वाईट वाटलं की खोली द्यावीशी वाटती.”

म्हणजे पट्टी त्याला दिसली होती.

मालक साडेसातला आला. उदबत्ती लावली, काउंटरला हात लावून नमस्कार केला. मी सगळं शांतपणे सांगितलं. तो म्हणाला, “बाराशेत काय फाइव्ह स्टार पाहिजे काय पाव्हणं?” मी म्हणालो, खिडकीच्या कडीला वीस-तीस रुपये पडतात. तो म्हणाला, “बिल्डिंग माझी नाही, मी चालवायला घेतलीय. दुरुस्ती मूळ मालकाची. ते पुण्याला असतात.” पाण्याचं विचारलं तर मोटरीचं काम मूळ मालकाकडं. रात्रीच्या खोलीचं विचारलं तर “ते पोरगं बघतं, मी त्यात पडत नाही.” पैसे मात्र कुणाकडं जातात, हे त्याला नीट सांगता आलं असतं.

बघा कसं आहे. पोराकडं माणूस दिसायचे डोळे होते, पण चावी द्यायचा अधिकार नव्हता. चालवणाऱ्याकडं अधिकार होता, पण रात्री तो तिथं नव्हता. इमारतीच्या मालकाला मिरजेतला धूर पुण्यात लागत नाही. तिघांपैकी कुणालाही धरून दुष्ट म्हणता येत नाही, आणि तरीही एक बाई रात्रभर पट्टी दाबून खोकते. बेपर्वाई ही कुणाच्या रक्तात असते असं मी मानत नाही. ती तयार करावी लागते. पोराचा पगार कापला त्या सकाळी मालकानं ती तयार केली, आणि पोराच्या नऊ हजारांत त्या बेपर्वाईची मजुरीसुद्धा धरलेली आहे.

असं असलं तरी मी पोराला पूर्ण सोडत नाही. आमच्या घरात यावर दोन मतं आहेत. हिचं म्हणणं, ज्याच्या हातात काही नाही त्याला काय बोलायचं. माझं म्हणणं, हातात काहीच नाही असं क्वचित असतं. खोली द्यायला मालक लागतो. बादली वर न्यायला लागत नाही. फटीत कोंबायला पेपर द्यायला लागत नाही, पेपर तर त्याच्या काउंटरवरच पडला होता. आपल्याला दिलेला अधिकार आणि आपल्या अंगचं बळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालक पहिली कापू शकतो, पगार कापतो तशी. दुसरी आपण होऊन टाकून दिल्याशिवाय जात नाही. ही म्हणते, रात्री साठ पायऱ्या चढायला तुमचं पाय हाईत, त्याचं दिवसभर चढून मोडल्यात. यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

पट्टी काढली, डोळा चांगला निघाला. दवाखान्यानं थेंबाच्या बाटल्या आणि काळा चष्मा दिला, आम्ही गावी आलो.

गावी ऊसतोड सुरू झाली होती. टेंभूच्या पाण्यानं आमच्या शिवारात ऊस आला आणि उसामागं टोळ्या आल्या. आमच्या कॅनॉलच्या कडेला बीडकडची टोळी उतरते, बारा-तेरा कोयते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, वर त्यांची पोरं. बांबू आणि ताडपत्रीच्या कोप्या, आत उभं राहता येत नाही. पहाटे चारला चूल पेटते, त्याआधी बायका कॅनॉलवरून पाणी आणतात. अंधारात, घसरणीच्या काठावरून. रात्रीच्या आसऱ्याचा विचार डोक्यात घेऊन मी मिरजेहून आलो होतो, त्यामुळं त्या कोप्यांकडं बघताना तोच प्रश्न पुढं उभा राहिला. ही माणसंही आमच्या शिवारात उतरलेलीच आहेत. त्यांचाही सौदा झालेला आहे, उचल घेतलेली आहे, टनाचा दर ठरलेला आहे. पाण्याचा सौदा कुणी केला?

तोडीचा क्रम लावायला सगळे जमले होते तेव्हा मी हे काढलं. मुकादम म्हणाला, पाण्याची सोय शेतकऱ्यानं करायची. शेतकरी म्हणाले, टोळी कारखान्याची, आमच्या एकट्याची नाही, आज माझा ऊस, उद्या त्याचा. कारखान्याचा चिटबॉय म्हणाला, “माझ्याकडं फक्त चिठ्ठ्या. बाकीचं ऑफिसात विचारा.” ऑफिस पंचवीस किलोमीटरवर. मला हसूच आलं. माणसं बदलली, भाषा बदलली, पण काउंटर तोच. एक जण तर समजुतीनं म्हणाला, “आप्पा, चार म्हैन्यांचा तर प्रश्न हाय. मग जात्यात ती.”

मी विचारलं, मागल्या वर्षी कुठली टोळी होती? गेवराईची. त्याच्या आदल्या वर्षी? धारूरची. आणि त्यांच्या बायका पाणी कुठनं आणायच्या? कुणी काही बोललं नाही. मग एक तरुण पोरगा म्हणाला, गावच्या पाण्याची लाइन कोप्यांच्या अलीकडच्या वळणापर्यंत येते, तिथं एक कॉक बसवला तर पाइप किती लागेल? कुणी म्हणालं दोनशे फूट, कुणी म्हणालं चारशे. पैसे कुणी घालायचे यावर पुन्हा गलका झाला आणि बैठक तशीच उठली. त्या पोरानं मला खुणावलं, आधी मोजून तर बघू म्हणून. आम्ही तिघं गेलो. दिवस बुडत आला होता, टेप कुणाकडंच नव्हता, म्हणून बैलाचा कासरा घेतला. वळणापासून पहिल्या कोपीपर्यंत अकरा कासरे भरलं. कोपीतली एक बाई बाहेर येऊन बघत उभी राहिली, आणि कशाचं मोजताय म्हणून तिनं विचारलं.